उन्हाची रेघ

[दृश्य: चार बाय सहा इंचांचा छापील फोटो]

जवळजवळ काळाच फोटो. मधोमध उन्हाची उभी रेघ आणि तिला आडवं गेलेलं काहीतरी. फोन हललाय, कोपऱ्यात अंगठा आलाय. पाहणारा म्हणेल, ऊन छान आलंय. फोटो काढणारा मात्र त्या आडव्या दांड्यावर बोट ठेवतो. कडी. बाहेरून लावलेली. सोयाबीन काढणीला घरचे सगळे शेतात गेले, तेव्हाची.

[दृश्य: मराठवाड्यातली एक वाडी, पत्र्याची घरं]

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाकडे प्रश्नावली घेऊन गेलं की उत्तरं आई देते. "त्याला काय कळतंय, मी सांगते ना." फोटो मात्र त्यालाच काढावा लागतो. लोकांनी स्वतः फोटो काढून त्यांवर बोलायचं, संशोधनाच्या या पद्धतीला फोटोव्हॉइस म्हणतात. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनमधल्या युनान प्रांतातल्या खेड्यांत, बायकांच्या हाती कॅमेरे देऊन ती घडवली.

[दृश्य: हातात फोन, मनगटाला दोरी]

गट पाच-सहा जणांचा, सोबत दोन मदतनीस. कॅमेऱ्याशिवाय काही उघडू नये म्हणून स्क्रीन पिन करायची. फ्लॅश बंद. फोटो आवाजाच्या बटणानं काढायचा. काचेवर बोट घसरतं, बटण हाताला लागतं. पहिल्या दिवशी चप्पल, कोंबडी, चहाचा कप, काहीही. मग आठवडाभर एकच विषय: 'मला काय नको'.

[दृश्य: सतरंजीवर मांडलेले फोटो]

फोनवर फोटो सरकून जातात, म्हणून छापून घ्यायचे. दहा मांडायचे, त्यानं तीन निवडायचे. धूसर म्हणून मदतनिसानं आधीच फोटो काढून टाकले, तर कडी तिथंच जाते.

खरी गडबड बोलताना होते. "हे दार आहे ना?" हो. "ही खिडकी आहे ना?" त्यालाही हो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेला हा होकार उत्तर म्हणून लिहून घेऊ नये. 'का' विचारलं की बरेच जण अडतात. 'कोण', 'कुठं', 'केव्हा' सोपं जातं. विचारल्यावर मनात दहा अंक मोजायचे. मदतनिसांना हेच सगळ्यात जड जातं. मथळा त्याच्याच शब्दांत: "कडी. मी आत."

[दृश्य: हिरवं आणि लाल कार्ड]

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ६ सांगतं: संशोधनाआधी त्या व्यक्तीची, तिला समजेल अशा पद्धतीनं घेतलेली, मुक्त संमती हवी. शिवाय शासनानं नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी हवी. त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असतात. पण एका सहीवर भागत नाही. गटात येताना विचारायचं, दुसऱ्याचा फोटो काढताना त्या माणसाला विचारायचं, आणि प्रदर्शनात भिंतीवर लावण्याआधी प्रत्येक फोटोसाठी पुन्हा. हिरवं कार्ड म्हणजे हो, लाल म्हणजे नको.

कारण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते दार कुणाचं, हे वाडीला लगेच कळेल. कडी लावणाऱ्या आईला घराजवळच्या उघड्या विहिरीची धास्ती असते, हे फोटोत दिसत नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी फोटो त्याच्या हातात द्यायचा, दोन्ही कार्डं समोर ठेवायची. त्यानं कार्डाला हात न लावता फोटो उलटा ठेवला, तर तो भिंतीवर जात नाही.