मैदानापासून दूर बसून

मित्रमैत्रिणींनो, सोमवारपासून तुमची आठ आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप सुरू होतेय. काम खेळातून सामाजिक बदलाचं, आणि मैदान मात्र तुम्हाला स्क्रीनवरच दिसणार. मघाशी तुमच्यातल्याच एकीनं विचारलं, "सर, मैदानावर पाऊलच ठेवायचं नाही, तर आम्ही काय बदलणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा लांबून सुरू करतो.

१९९४च्या फुटबॉल विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वयंगोल झाला, म्हणजे चेंडू चुकून आपल्याच गोलात गेला. मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. पुढे त्याच शहरात तरुण पोरांसाठी रस्त्यावरच्या फुटबॉलचा एक उपक्रम उभा राहिला. संघात मुलगे आणि मुली दोघंही हवेत, पहिला गोल मुलीनंच करायचा, आणि पंच नाही. नियम सामन्याआधी आपसांत ठरवायचे. खेळ संपला की पुन्हा एकत्र बसायचं, कोण कसं वागलं ते बोलायचं, त्याचेही गुण. म्हणजे बघा, मुलीकडे चेंडू दिल्याशिवाय खातंच उघडत नाही! समानतेवर भाषण द्यायची गरजच उरली नाही. नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ साली सुरू झालेल्या संस्थेनंही वस्तीतला कचरा उचलणाऱ्या संघाला लीगच्या तक्त्यात गुण दिले.

अशी अट खेळात घातली, तरी ती रोजच्या सरावात टिकतेय का, हे कुणीतरी पाहावं लागतं. तिथं तुम्ही येता.

प्रशिक्षक संध्याकाळी चाळीस मुलांमागे धावत असतो. हजेरी तो घेतो, पण मागची पानं चाळायला त्याला उसंत नसते. तुम्हाला आहे. "एकूण हजेरी वाढली" एवढं लिहून अहवाल संपवू नका. असले अहवाल वाचून मला खरंच वाईट वाटतं. मुली कोणत्या वयात यायच्या थांबल्या? सरावाची वेळ बदलली त्याच आठवड्यात का? की सगळ्या एकाच गल्लीतल्या होत्या? मग प्रशिक्षकाला फोन करा, त्याला सवड असेल तेव्हा. कारण परतीच्या वाटेवरचा अंधार असेल, धाकट्या भावंडाला सांभाळणं असेल, किंवा मैदानाजवळ स्वच्छतागृहच नसेल. घरबसल्या अंदाज बांधू नका, त्याच्याकडून ऐका. त्या मुलींशी बोलायचं काम मात्र त्यांच्या ओळखीच्या ताईंवर सोपवा. आणि पालकांच्या परवानगीशिवाय एकाही मुलाचा फोटो कुठे जाऊ देऊ नका.

पहिल्या आठवड्यात पोस्टर नको, सोशल मीडियाचा आराखडा नको. मागच्या दोन महिन्यांची हजेरी वाचा, आणि शुक्रवारपर्यंत प्रशिक्षकाला विचारावासा वाटलेला एकच प्रश्न मला लिहून पाठवा.