सोनचाफा पिवळा पडतो तेव्हा

मंडळी, होटगी रोडला काय किंवा जुळे सोलापुरात काय, फाटकाशी हौसेनं लावलेला सोनचाफा दोन-तीन वर्षांत पिवळा पडू लागतो. मग खत कमी पडलं म्हणून मूठभर युरिया पडतो. थांबा, आधी पान बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे. पण शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी उठून दिसत असेल, तर झाडाला लोह मिळत नाहीये. आपल्याकडे बहुधा हेच असतं.

लोह मातीत आहे, पण चुन्यानं ते अडवून धरलंय. आळ्यातल्या कोरड्या ढेकळावर लिंबू पिळा; फसफसलं की समजा चुनखडी आहे. त्यात बांधकामाचा पुरलेला राडारोडा, वर बोअरचं जड पाणी. चाफा मुळात दमट हवेतला, किंचित आंबट मातीतला.

‘गंधक टाकून मातीचा सामू (पीएच) उतरवू का?’ असं हमखास विचारतात. हिशेब करा. 1 किलो चुना संपवायला सुमारे 320 ग्रॅम गंधक लागतं. एका झाडाच्या मुळांभोवती टनभर माती धरली आणि तिच्यात 8 टक्के चुना असला, तर 25 किलो गंधक झालं! तो नाद सोडा.

हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) मातीत टाकली तर तीही चुन्यात अडकते. ती पानांवर फवारा: 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतरानं तीनदा. खडे हिरवट हवेत; तांबूस पडलेली हिराकस घेऊ नका. फरशीवर थेंब पडला तर गंजाचा डाग सहजी जात नाही. मुळांना द्यायचं तर लोहाचं ईडीडीएचए चिलेट घ्या; चिलेट म्हणजे लोह चुन्यात अडकू न देता धरून ठेवणारं खत. दुकानात स्वस्त मिळतं ते ईडीटीए. आपल्या मातीत त्याचा टिकाव लागत नाही. पुरुषभर उंचीच्या झाडाला 20 ग्रॅम, 10 लिटर पाण्यात कालवून, ओल्या आळ्यात. नवी पालवी हिरवी येईल. जुनी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही.

आता पाणी. काळ्या मातीत रोज पाणी घातलं की मुळं गुदमरतात आणि पिवळेपणा वाढतो. चार इंच खालची माती मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर त्या दिवशी पाणी नको. खोडाशी चढवलेली माती काढा, कलमाचा जोड उघडा राहू द्या. आळ्यात उसाचं पाचट चार इंच, खोडापासून वीतभर लांब. खणायचं मात्र नाही. चाफ्याची मुळं मांसल, दुखावली की लवकर सावरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून 50 टक्क्यांची शेडनेट बांधा.

वाळक्या फांद्यांना मेमध्ये कात्री लावू नका. पाऊस पडल्यावर शेंड्याकडून नखानं साल खरवडत या. हिरवं लागलं की तिथे कापा. कलमाच्या जोडाखालून जोमदार धुमारा आला तर झाड फुटलं म्हणून हुरळू नका. तो खुंटाचा, म्हणजे कलम ज्यावर बांधलं त्या रोपाचा आहे, उगमापासून काढा.