पिवळ्या संगणकाचा मूळ रंग

मित्रहो, टेबलावरचा हा अमिगा 500 जवळ येऊन पाहा. कमोडोर कंपनीने हा घरगुती संगणक 1987 साली आणला तेव्हा सगळं आवरण एकसारखं फिकट बदामी होतं. आज वरचा भाग पिवळाधमक आहे, तळ त्यामानाने बरा आहे आणि स्पेसबारची छटा बाकीच्या बटणांशी जुळत नाही. हे असं का झालं, ते आधी समजून घेऊ.

आवरण एबीएस प्लॅस्टिकचं आहे. त्यातल्या ब्युटाडाइन या रबरी घटकावर अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन काम करत राहतात आणि पृष्ठभागालगत पिवळट संयुगं तयार होतात. आग पकडू नये म्हणून त्या काळी घातलेली ब्रोमीनयुक्त रसायनंही यात हातभार लावतात. पण सगळं खापर ब्रोमीनवर फोडायची पद्धत मला पटत नाही. एबीएस स्वतःही पिवळं पडतं, आणि उन्हाच्या जोडीला उष्णताही असते, त्यामुळे खोक्यात बंद राहिलेली यंत्रंसुद्धा सुटत नाहीत. स्पेसबारचं म्हणाल, तर अनेक कीबोर्डांत तो बाकीच्या बटणांपेक्षा वेगळ्या प्लॅस्टिकचा असतो. पीबीटी नावाचं प्लॅस्टिक फारसं पिवळं पडत नाही, एबीएस पडतं.

आता पिवळेपणा काढायचं काम कुठे थांबवायचं ते ठरवा, आणि हे सुरू करण्याआधीच ठरवा. आवरण उघडा आणि आतली बाजू पाहा. तिथे प्रकाश पोचलेला नसतो, त्यामुळे कारखान्यातून निघालेला रंग तिथे बऱ्याच अंशी शिल्लक असतो. तोच आपला नमुना. पांढराशुभ्र अमिगा पाहून लोक खूश होतात, मला मात्र वाईट वाटतं, कारण हे यंत्र पांढरं कधीच नव्हतं.

मग आवरण कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा. पिवळेपणा समजून ज्याला आपण घाबरतो, त्यातलं बरंचसं हाताचं तेल आणि धूळ असते. अ‍ॅसिटोन मात्र जवळपाससुद्धा नको. ते एबीएस विरघळवतं, शिवाय पुढे वापरायच्या पेरॉक्साईडशी मिसळलं तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

रंग उतरवण्याचं काम हायड्रोजन पेरॉक्साईड करतं. 2008 साली हौशी मंडळींनी ही पद्धत ‘रेट्रोब्राइट’ या नावाने पुढे आणली. अतिनील प्रकाश किंवा उष्णता मिळाली की पेरॉक्साईड ती पिवळी संयुगं मोडतं. केस रंगवण्याआधी वापरतात ते 12 टक्क्यांचं क्रीम फासून, प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून उन्हात ठेवणं हा सर्वांत प्रसिद्ध मार्ग, आणि सर्वाधिक आवरणं बिघडवणाराही तोच. क्रीम कुठे जाड, कुठे पातळ बसतं, कुठे वाळतं, आणि पट्टे उमटतात. ते काढणं मूळ पिवळेपणा काढण्यापेक्षा कठीण जातं. म्हणून मी पेरॉक्साईडच्या द्रावणात बुडवण्याच्या बाजूचा आहे. मोठं भांडं घ्या, भाग पूर्ण बुडवा, अधूनमधून हलवा, बुडबुडे चिकटू देऊ नका. द्रावण गरम करायचं असेल तर 60 अंश सेल्सिअसच्या आतच ठेवा, नाहीतर आवरण वाकेल. नाममुद्रा आणि अनुक्रमांकाचं लेबल आधी काढून ठेवा. दर तासाला एक भाग बाहेर काढून, पुसून आतल्या बाजूशी ताडून पाहा. जुळला की थांबा. हातमोजे आणि चष्मा हवाच. 12 टक्क्यांच्या द्रावणाने कातडी पांढरी पडते, झोंबते, आणि डोळ्यात गेलं तर इजा होते. वापरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नका, त्यातून वायू सुटत राहतो.

कीबोर्डला जास्त वेळ द्या. त्याच कंपनीचा कमोडोर 64 हा संगणक घ्या, 66 बटणं. बटणं गडद तपकिरी, म्हणजे रंगाची भानगड नाही, पण आतली रचना नीट दिसते. खोलण्याआधी फोटो काढा. बटण सरळ वर ओढा, तिरकं ओढलं तर खालचा दांडा तुटतो. खाली स्प्रिंग असते. मागच्या बाजूचे बारीक स्क्रू काढले की छापील सर्किटची पट्टी सुटते, पण त्याआधी शिफ्ट लॉक या बटणाच्या दोन तारांचं सोल्डर काढावं लागतं. इथेच घाई करणाऱ्यांची पट्टी बिघडते. प्रत्येक दांड्याच्या टोकाला काळा वाहक रबर असतो, तो पट्टीवर टेकला की अक्षर उमटतं. पट्टीवरची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबर मात्र कोरड्या कागदावर हलकेच घासा, कारण वाहक थर झिजला की बटण कायमचं मुकं होतं.

पुन्हा पिवळं पडेल का, असं नेहमी विचारतात. पडू शकतं, काही यंत्रांत दोन-चार वर्षांतच. उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब ठेवलं तर वेग कमी होतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पेरॉक्साईड देण्याआधी मात्र थांबून विचार करा, कारण प्रत्येक वेळी पृष्ठभागावर थोडा ताण येतोच. म्हणून किती टक्के द्रावण, किती तापमान, किती तास हे कागदावर लिहून आवरणाच्या आत चिकटवा. पुढे हे यंत्र ज्याच्या हाती जाईल त्याला ही माहिती लागणारच आहे.