पासबुकाचं पहिलं पान

दृश्य : नौपाडा, ठाणे. सकाळचे दहा. बँकेचं शटर अर्धं वर.

निवेदन :
शटर उघडायच्या आधीच चार-पाच ज्येष्ठ मंडळी पायरीवर येऊन बसलेली. कापडी पिशवीत पासबुक. त्याच्या पहिल्या पानावर ठेवींच्या विम्याबद्दल, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला किती पैसे नक्की मिळतील याबद्दल, छापलेलं असतं. ते पान सहसा कुणी वाचत नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये वाचलं. रिझर्व्ह बँकेनं पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि खात्यातून सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येऊ लागले. विमा तेव्हाही होता, 1 लाखाचा. 1960 मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्या धक्क्यातून 1962 पासून तो देशात आला. मग ठेवीदार रस्त्यावर का उतरले? कारण विम्याला आधी बँकेचं मरण लागायचं. परवाना रद्द, अवसायन म्हणजे बँक गुंडाळणं, मग पैसे. आणि ही बँक धड मेलीही नव्हती.

फेब्रुवारी 2020 मध्ये मर्यादा 5 लाख झाली. गाजावाजा त्याचाच झाला. आमच्या मते मोठा बदल 2021 चा. निर्बंध लागले की साधारण 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, असा कायदाच झाला. लग्नाला, ऑपरेशनला, कॉलेजच्या फीला तारीख असते. आपल्या पैशालाही तारीख मिळाली, तर माणूस रांगेत धावत नाही. आणि ही रांग धडधाकट बँकेलाही झेपत नाही. ठेवी कर्जात गेलेल्या असतात, सगळ्यांना एकाच दिवशी द्यायला तिजोरीत रोकड नसते.

दृश्य : सोसायटीचं ऑफिस. टेबलावर मुदत ठेवीच्या पावत्या.

निवेदन :
हे 5 लाख मुद्दल आणि व्याज धरून. नौपाडा शाखेत 3 आणि वाशी शाखेत 4 लाख ठेवले, तरी बँक एकच, विमा 5 चाच. सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा, 40 लाखांचा असला, घरं ऐंशी असली, तरी कायद्याच्या लेखी ठेवीदार एक. सेक्रेटरींना हे सांगितलं, तर त्यांनी पावत्या पुन्हा मोजायला घेतल्या.

दृश्य : जांभळी नाका, संध्याकाळ.

निवेदन :
पतपेढीचा पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा, भाजीवाल्या मावशींकडून शंभराची नोट घेतो. हा विमा बँकांसाठी आहे, पतपेढ्यांना तो लागू नाही.

"यालापन पाच लाख हायेत ना रे?" मावशी विचारतात.

एजंट पावती फाडून देतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो.