पैल तो गे काऊ : एका विराणीतला कावळा

भल्या सकाळी कौलांवर किंवा गॅलरीच्या कठड्यावर बसून कावळा सारखा ओरडू लागला, की स्वयंपाकघरातून हमखास ऐकू येते, "आज कोणीतरी पाहुणा येणार दिसतोय." म्हणणारीचा त्यावर फारसा विश्वास असतो असे नाही, तरी चहाच्या आधणात कपभर पाणी जास्त पडते. ज्ञानेश्वरांची 'पैल तो गे काऊ कोकताहे' ही विराणी, म्हणजे विरहिणीचे गाणे, याच घरगुती समजुतीवर उभी आहे. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा स्वर यांमुळे ती असंख्य मराठी माणसांना तोंडपाठ आहे. अर्थ मात्र बहुतेकांना 'विठ्ठलाच्या भेटीची ओढ' एवढाच ठाऊक असतो. तो चूक नाही, पण त्या एका वाक्यात कावळा हरवतो, आणि हे गाणे तर सगळे कावळ्याशीच बोलणे आहे.

आधी शब्द पाहू. 'पैल' म्हणजे पलीकडे. 'कोकणे' म्हणजे ओरडणे, हाका मारणे. आजचे 'कोकलणे' त्याच कुळातले. 'कैं' म्हणजे कधी, 'गोठी' म्हणजे गोष्ट. पहिल्या दोन ओळींत 'गे' आहे आणि 'गे माये' आहे, म्हणजे एक बाई दुसऱ्या बाईला सांगते आहे, की पलीकडे तो कावळा ओरडतो आहे, तो शकुन सांगतो आहे. पुढच्याच ओळीत 'गे'चा 'रे' होतो. ती घरातल्या माणसाकडे पाठ फिरवून थेट पक्ष्याकडे वळते आणि म्हणते, 'उड उड रे काऊ, तुझे सोन्याने मढवीन पाऊ.'

हे 'उड उड' कावळ्याला हाकलण्यासाठी आहे असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो कौल लावण्याचा प्रकार आहे. माणूस येणार असेल तर उडून जा, असे कावळ्याला सांगायचे आणि तो उडाला तर येणे नक्की समजायचे, ही रीत फार जुनी आहे. हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात उदाहरण म्हणून दिलेल्या एका अपभ्रंश (प्राकृतानंतरच्या लोकभाषेतल्या) दोह्यात अशीच एक स्त्री कावळा उडवते आहे. तेवढ्यात अचानक प्रियकर समोर दिसतो. तिच्या हातातल्या निम्म्या बांगड्या विरहाने बारीक झालेल्या मनगटातून आधीच जमिनीवर पडलेल्या असतात आणि उरलेल्या निम्म्या आनंदाने अंग भरून आल्यामुळे तडातड फुटतात.

याहूनही मागे गेले तर हालाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे सातवाहनांशी जोडलेल्या माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथांच्या संग्रहात, परगावी गेलेल्या वाटसरूची बायको कावळ्याला भाताचा पिंड ठेवताना दिसते. हात खाली करताच सैल झालेले वलय, म्हणजे हातातले कंकण, घरंगळते आणि नेमके त्या पिंडाभोवती पडते. कावळ्याला वाटते हा फासा आहे, आणि तो घासाला तोंड लावत नाही. तिचे वाळणे इथे एका शब्दानेही सांगितलेले नाही, ते कावळ्याच्या भीतीतून कळते. ज्ञानेश्वरांच्या 'दहिभाताची उंडी (गोळा) लावीन तुझे तोंडी' या ओळीमागे घास आणि कावळा यांची अशी शतकानुशतकांची ओळख आहे. मिथिलेचा कवी विद्यापतीही नंतर कावळ्याला सोन्याचे आमिष दाखवतो, पण तो चोच मढवतो. आपल्याकडे पाय मढवले गेले, कारण 'काऊ', 'पाऊ' आणि 'राऊ' यांचे यमक जुळायचे होते, अशी मला शंका आहे.

दहीभात ऐकून मराठी मनात आणखी एक चित्र उभे राहते. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड मांडलेला असतो, माणसे दूर सरून उभी असतात, कावळा शिवत नाही, आणि कोणीतरी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा आठवून मोठ्याने वचन देते. तरीही न शिवल्यास शेवटी दर्भाचा कावळा करावा लागतो. हाच 'कावळा शिवला', की घरातली बाई चार दिवस बाजूला बसत असे. ज्याच्या शिवण्याची एका ठिकाणी आर्जवे करायची आणि दुसऱ्या ठिकाणी ज्याचे नाव घेऊन विटाळ पाळायचा, त्या पक्ष्याच्या ओठी ही बाई दुधाची वाटी लावायला निघाली आहे. तिला पंढरीच्या राजाची बातमी हवी आहे, आणि ती कोकिळेकडे किंवा हंसाकडे न जाता अंगणातल्या कावळ्याकडे मागते.

कावळा म्हणजे सद्गुरू, पैल म्हणजे मायेचा पैलतीर, असा अर्थ लावला जातो. तो लावायला हरकत नाही, पण त्याआधी तिने देऊ केलेल्या वस्तूंचा क्रम पाहावा. सुरुवात सोन्याने होते, मग दहीभात येतो, मग वाटीभर दूध, आणि शेवटी आंब्याच्या डहाळीवरची रसाळ फळे, जी कावळा तिला न विचारताही खाऊ शकतो. देणे असे आवाक्यात येत जाते आणि प्रश्न मात्र टोकदार होत जातो. आधी 'पाहुणे पंढरीराऊ घरा कैं येती', म्हणजे कधी येतील, एवढेच विचारणे असते. मग 'सत्य सांगे गोठी, विठो येईल काई', म्हणजे येणार तरी का. आणि मग 'आजिचे रे काळीं', म्हणजे आत्ताच सांग.

परंपरेनुसार अवघ्या एकविसाव्या वर्षी, १२९६ साली, आळंदीला समाधी घेतलेल्या तरुणाने ही बाई लिहिली आहे, हे गाणे ऐकताना आठवतही नाही. नाममुद्रेच्या, म्हणजे कवीचे नाव येते त्या, ओळीत तो म्हणतो, 'जाणिजे ये खुणे', या खुणेवरून ओळखावे, पंढरीचे राणे भेटतील. कोणती खूण, ते मात्र सांगत नाही. कावळा उडाला, की फांदीवरच बसून राहिला, हे गाण्यात कुठेही आलेले नाही, आणि त्यानंतरचे शेवटचे शब्द पुन्हा 'शकुन सांगे' असेच आहेत.