स्वस्तातला एअरब्रश घ्यावा का? आधी हवेचं बोलू

(स्केल मॉडेल करणाऱ्यांच्या मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय तो तुम्ही वाचला आहेच: हजार-दोन हजारांचा एअरब्रश, म्हणजे हवेच्या जोराने रंग फवारणारा ब्रश, मॉडेलसाठी घेण्यात अर्थ आहे का. उत्तर मी देणार आहे, पण मला पाऊण तास मिळालाय आणि हा प्रश्न जसा विचारला जातो तसाच मला पटत नाही, म्हणून सुरुवात जरा मागून करते. इथे बसलेल्या सगळ्यांना डबल अॅक्शन म्हणजे काय हे माहीत आहे असं धरते. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. ते समजावण्यात वेळ घालवत नाही.

प्रत्येक नवा माणूस विचारतो, "कुठला एअरब्रश घेऊ?" हवा कुठून येणार हे कुणी विचारत नाही. रंग पातळ कशाने करणार, हेही नाही. एअरब्रश म्हणजे एक शंकूच्या आकाराचं छिद्र आणि त्यात बसणारी एक निमुळती सुई. सुई मागे सरकली की तिच्याभोवती कड्यासारखी फट उघडते, बाहेरून जाणारी हवा तिथे दाब कमी करते आणि रंग ओढला जातो. ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. चार्ल्स बर्डिकने 1890च्या दशकात हवा आणि रंग तोंडापाशी आतच मिसळणारा ब्रश केला, आणि आजचे बहुतेक ब्रश त्याच घराण्यातले आहेत. त्यामुळे आराखडा आता कुणाच्याच मालकीचा नाही. 130 किंवा 180 असा आकडा लावून येणारे चिनी ब्रश नामांकित जपानी ब्रशांच्या धाटणीवरच बनतात: वर रंगाचा कप, 0.3 मिमी नॉझल (रंग बाहेर सोडणारं पुढचं तोंड), खाली हवेच्या नळीसाठी 1/8 इंची आटे. फरक आराखड्यात नाही, तासकामात आहे. छिद्र गोल आहे का, सुई बरोबर त्याच्या मध्यातून जाते का, आणि नॉझल अंगात बसल्यावर फट राहते का. सगळं दुखणं या तीन जागांचं.

आता नॉझल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा खरा राग इथे आहे.

स्वस्त सेटच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, "0.2, 0.3, 0.5, तीन नॉझल तीन सुया!" बघणाऱ्याला वाटतं, एकाच्या पैशात तीन ब्रश. ती खोटी आशा आहे. या ब्रशांतलं नॉझल आट्याचं असतं, तीन-चार मिलिमीटर लांबीचं पितळी बोंड, आणि सोबत एक पत्र्याचा इवलासा पान्हा. दर वेळी नॉझल बदलायचं म्हणजे दर वेळी ते आटे झिजवायचे. पान्ह्याने हवं त्याहून थोडं जास्त पिळलं की मान तुटते आणि आट्याचा तुकडा अंगातच राहतो. मग तो ब्रश फेकायचाच. बोटांनी घट्ट होईल तेवढं करायचं आणि पान्ह्याने फक्त टेकल्यासारखं, जेमतेम आठवा हिस्सा फेरा. त्याहून जास्त नाही. शिवाय नॉझल काढण्याआधी सुई एक-दीड सेंटिमीटर मागे घ्यायची. हे विसरलं की नॉझल फिरताना सुईचं टोक वाकतं आणि मग रंग एका अंगाला जातो. परत बसवताना क्रम उलटा: आधी नॉझल, सगळ्यात शेवटी सुई, आणि ती अडेल तिथे थांबायचं. जोर देऊन ठासली की नॉझलचं तोंड फाकतं. फाकलेलं तोंड भिंगातून बघा, कडेला केसासारखी चीर दिसते. त्यावर इलाज नाही, नवं नॉझल.

तुमच्यापैकी किती जणांचं नॉझल वॉशबेसिनच्या नळीतून गेलंय? हात वर करा. (हशा) बघा, अर्धं सभागृह. बेसिनवर जाळी ठेवा, किंवा झाकणाच्या डब्यात धुवा. आणि ज्यांचे हात वर आहेत त्यांनी एक सांगावं, दुसरं नॉझल त्याच आट्याचं मिळालं का? बहुतेकांना नाही मिळालं. दिसायला एकसारखे असणारे हे ब्रश वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात आणि त्यांचे आटे जुळतीलच असं नाही. म्हणून ब्रश घेतानाच, त्याच विक्रेत्याकडून, त्याच दिवशी दोन जादा नॉझल आणि एक सुई घ्या. 0.3चीच. बाकीची दोन मापं खोक्यात पडून राहू देत.

नॉझलच्या बुडाशी फट राहिली की काय होतं? हवा रंगाच्या वाटेत शिरते आणि कपात बुडबुडे येतात. नव्या माणसाला वाटतं रंग खराब आहे. रंगाचा काही दोष नसतो. पुढचं हेड, म्हणजे नॉझलवर बसणारा भाग, घट्ट करून बघा. तरी बुडबुडे असतील तर नॉझल काढून आट्यांवर मधमाशीचं मेण अगदी बारीक चोळा आणि परत बसवा. बहुतेक वेळा थांबतं. नॉझलला चीर असेल तर मात्र मेणाने काही होणार नाही. महागड्या ब्रशांचं मोठं सुख इथेच आहे. इवाटाच्या एक्लिप्समध्ये, हार्डर अँड स्टीनबेकमध्ये, बॅजरच्या पेट्रियटमध्ये नॉझलला आटेच नाहीत, ते नुसतं जागेवर बसतं आणि हेडने दाबलं जातं. पान्हा नाही, मान तुटणं नाही. पैसे कशाचे, असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन.

आता हवा. मघाशी म्हटलं, हवा कुठून येणार हे कुणी विचारत नाही. इथे कंजूषपणा करू नका. बाजारात हल्ली हातात धरायचा, चार्जिंगचा, ब्रशच्या खालीच पिटुकला कॉम्प्रेसर जोडलेला सेट फार खपतोय. केकवर फवारायला, नखं रंगवायला तो उपयोगी असेल. मॉडेलसाठी त्यात तीन अडचणी आहेत. टाकी नाही, म्हणून हवा ठोक्याठोक्याने येते. बऱ्याच सेटांत रेग्युलेटर, म्हणजे दाब कमी-जास्त करणारी कळ, नाही, म्हणून दाब हवा तसा कमी करता येत नाही. आणि सगळं वजन मनगटावर. प्रायमर मारताना यातलं काही जाणवत नाही. बारीक ठिपका काढायला गेलात की त्या ठोक्यांच्या गाठी रंगात उमटतात.

त्याऐवजी तीन लिटर टाकीचा, तेलाशिवाय चालणारा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या. दाब 3 बारखाली गेला की सुरू होतो, 4 बारला बंद. रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप सोबत येतो. दाब लावताना ट्रिगर दाबलेला ठेवा आणि मग काटा वाचा. हवा बंद असताना 20 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंडांत मोजलेला दाब) दाखवणारा काटा ट्रिगर दाबला की 15-16वर येतो, आणि खरा दाब तो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

पाण्याचं सांगते, कारण मुंबई, कोकण, गोव्याकडून आलेली मंडळी समोर दिसताहेत. दाबलेली हवा गरम असते, टाकीत आणि नळीत ती थंड होते आणि पाणी सुटतं. पावसाळ्यात तर फवाऱ्यातून थेंबच येतो, तोही नेमका कॅनोपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या, कडेवर. काम संपल्यावर टाकीखालचा स्क्रू उघडून पाणी काढाच, आणि दुसरा छोटा ट्रॅप ब्रशच्या बुडाशी लावा. लॅकर (झटपट वाळणारे, उग्र थिनरचे रंग) मारणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो: रंगावर पांढरट धुकं येतं. थिनर झपाट्याने उडून पृष्ठभाग थंड करतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर वापरा, आणि धुकं आलंच तर त्याच थिनरचा अगदी हलका फवारा देऊन बघा, बऱ्याचदा निवळतं. मुसळधार पावसाच्या दिवशी ग्लॉस, म्हणजे चकचकीत थर, मारू नका. त्या दिवशी पुट्टी घासा.

रंग पातळ किती करायचा? सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "दुधाइतका". कुठलं दूध? म्हशीचं की गायीचं, की पिशवीतलं टोन्ड? (हशा) आकड्यांत बोलू. टामियाचे एक्सएफ (मॅट अॅक्रिलिक) रंग: एक भाग रंग, एक ते दीड भाग त्यांचाच थिनर, 15 ते 18 पीएसआय. मिस्टर कलरसारखे लॅकर: एकाला दोन. मिस्टर सरफेसर हा प्रायमर, बाटलीतला: एकाला दोन. बारीक काम असेल तर थिनर आणखी वाढवा आणि दाब 10-12वर आणा. दोन्ही एकत्र करायचं. रंग पातळ करून दाब तसाच ठेवला की कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात. रंग जाड ठेवून दाब कमी केला की थुंकल्यासारखे ठिपके पडतात. व्हॅलेहोसारख्या पाण्याच्या रंगात अल्कोहोल किंवा लॅकर थिनर चुकूनही घालू नका, त्याचा रबरासारखा गोळा होतो आणि तो नॉझलमधून काढताना जीव जातो. हे रंग सुईच्या टोकावर लवकर वाळतातही. वाळणं लांबवणारा रिटार्डर थोडा घाला, आणि दर काही मिनिटांनी ओल्या कापसाने टोक पुसा.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर ब्रश धुवायला उत्तम आणि स्वस्त. प्लास्टिकवर मारायला नको, तो मॉडेलचं स्टायरिन प्लास्टिक खातो. ब्रश त्यात रात्रभर बुडवूनही ठेवू नका: स्वस्त ब्रशात ज्या ओ-रिंग साध्या रबराच्या असतात त्या फुगतात, आणि मग ट्रिगर चिकटतो. सुई आणि नॉझल काढून तेवढेच भिजवा. अमोनियाचं काच पुसायचं द्रावणही आत घालून ठेवू नका, पितळाला ते मानवत नाही. खिडकी उघडी, सेंद्रिय वाफा अडवणारा कार्ट्रिजचा मास्क तोंडावर, आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं म्हणतात. म्हणजे फलकावरचा विषय आता सुरू. (हशा)

घ्यावा का? मॉडेलला लागतं काय ते मोजू. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट 109च्या अंगावरचे ठिपके घ्या. खऱ्या विमानावर ठिपका 20 सेंटिमीटरचा धरला, तर 1/48ला (खऱ्याच्या 48व्या हिश्श्याच्या मॉडेलवर) तो सुमारे 4 मिमी होतो आणि 1/72ला पावणेतीन मिमी. नीट बसलेल्या 0.3च्या स्वस्त ब्रशाने 4 मिमीचा ठिपका आरामात निघतो. पावणेतीनचा निघतो, पण पुढची टोपी काढून, एक-दीड सेंटिमीटरवरून, 10 पीएसआयला, आधी कागदावर सराव करून. कॅमफ्लाजची मऊ कड खऱ्या विमानावर 5 सेंटिमीटरची असेल, तर 1/72ला ती पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. एवढं नुसत्या हाताने करणं लाखाच्या ब्रशालाही जड आहे. तिथे ब्लू-टॅक या चिकट पुट्टीच्या वळ्या लावा, किंवा रंग अडवणारं कागदाचं मास्क एक-दोन मिलिमीटर उचलून धरा. आणि मास्क असेल तर ब्रश कितीचा आहे याने काही बिघडत नाही. प्रायमर, मूळ रंग, ग्लॉस, मॅट वार्निश, प्रीशेडिंग (मूळ रंगाआधी सांध्यांवर गडद छटा मारणं): वर्षभरातलं बहुतेक फवारणीचं काम यातच जातं, आणि ते स्वस्त ब्रश उत्तम करतो.

म्हणून माझं मत: घ्या. पैसे असे वाटा. किमती हलतात, पण ब्रशाला एक भाग ठेवला तर हवेला चार-पाच भाग ठेवा. पाच वर्षांनी ब्रश बदलाल, कॉम्प्रेसर तोच राहील आणि 1/8च्या नळीवर बहुतेक चांगले ब्रश थेट बसतात. बॅजर आणि पाशे यांचे आटे वेगळे, त्यांना अडॅप्टर लागतो.

महाग कधी घ्यावा? दर आठवड्याला हातात ब्रश असेल, 1/72चे ठिपके हातानेच काढायचे असतील, आकृत्यांचे चेहरे फवारायचे असतील, तेव्हा. तिथे ट्रिगरचा मऊपणा आणि सुईचं केंद्र दोन्ही जाणवतं. मधला रस्ताही आहे. जीएसआय क्रेओसचा 0.3चा प्रोकॉन बॉय किंवा इवाटाचा निओ बघा. पण हात बसायच्या आधी यातलं काही नको.

आणि हे लिहून घ्या, घाईत सांगते. ब्रश घरी आला की त्याच दिवशी, रंग घालायच्या आधी तपासा. रंग लागलेला ब्रश विक्रेता परत घेणार नाही. पूर्ण उघडा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवा, कारखान्यातलं तेल आणि पितळाचा कीस निघतो. सुई काचेवर लोळवा, टोक डगमगलं तर वाकडी आहे. नॉझलचं तोंड भिंगातून बघा. जोडा, कपात पाणी घाला, ट्रिगर फक्त खाली दाबा: नुसती हवा यायला हवी. पाणी आलं तर सुई नीट बसलेली नाही, कपात बुडबुडे आले तर नॉझलपाशी गळती. ट्रिगर सोडल्यावर फुसफुस राहिली तर खालचा व्हॉल्व्ह. मग पाण्यात थोडी काळी शाई घालून कागदावर ठिपके काढा. ठिपका गोल हवा. लांबट आला तर सुई थोडी फिरवून परत काढा. लांबटपणाही सुईबरोबर फिरला तर सुईचा दोष, तिथेच राहिला तर नॉझलचा. सुईचं टोक किंचित वळलं असेल तर सपाट पोलादावर तिरपी धरून, फिरवत मागे ओढा, मग 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. नॉझल सदोष असेल तर भांडत बसू नका, ब्रश परत पाठवा आणि दुसरा मागवा.

वेळ संपली म्हणतात. मागच्या टेबलावर तीन ब्रश ठेवलेत, तिन्हींत शाईचं पाणी आहे, शेजारी कागद आहे. त्यातला एक ब्रश दीड हजारांचा, बाकीचे दोन बरेच महाग. नावांवर पट्टी चिकटवलीय. चहाच्या वेळात प्रत्येकाने दहा-दहा ठिपके काढा आणि प्रश्न तिथेच विचारा.