प्रयोगशाळेचे पुरुमेंत

मे महिन्यात गोव्याच्या घरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरण्याची घाई असते; सोलां (आमसुले), सुकी मासळी, मिरच्या उन्हातून काढून डब्यांत जातात. फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयाच्या प्रयोगशाळेतही त्याच दिवसांत एक वाळवण चालते, फक्त ते ओव्हनमध्ये.

मृग लागला की येथे कपाटांना ओल धरते. चवथीच्या सुट्टीत खोली बंद राहते, तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीचे तंतू पसरतात. पुसले तरी लेपावर उमटलेला डाग जात नाही. म्हणून प्रत्येक सूक्ष्मदर्शकाच्या बंद पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवलेली असते. हे दाणे कोरडे असताना निळे दिसतात, ओल शोषली की गुलाबी होतात, आणि गुलाबी झाले म्हणजे संपले असे समजून अनेक ठिकाणी ते टाकून दिले जातात. वास्तविक पातळ थर पसरून सुमारे १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवले, की तेच दाणे पुन्हा कामाला येतात. येथील साहाय्यक मात्र नुसत्या रंगावर विसंबत नाहीत. थाळी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल न शिरणाऱ्या बंद काचपात्रात, निववून ते वजन करतात, पुन्हा तापवतात, आणि वजन उतरायचे थांबले की मगच दाणे बरणीत भरतात. कोरडे वजन झाकणावरच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले असते. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असून ते विषारी आहे. त्यामुळे स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी कधीही वापरू नये, आणि नवे दाणे घेताना कोबाल्टविरहित नारिंगी घेतलेले बरे.

द्रावणाची आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडचे याच्या अगदी उलट आहे. त्याला कोरडेपणाच मारतो. काचेचा फुगा सुकू देऊ नये, तसा तो ऊर्ध्वपातित पाण्यातही बुडवून ठेवू नये, कारण त्यात इलेक्ट्रोडच्या आतील क्षार झिरपून जातात. त्याऐवजी २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण केले, की ३ मोलर साठवण-द्रावण तयार होते. इलेक्ट्रोडच्या टोपीत ते भरून ठेवायला खर्च नगण्य येतो.

राहिला ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून थेंबथेंब सोडणारी तोटीची काचनळी. सोडियम हायड्रॉक्साइड आत राहिले तर काचेची तोटी घट्ट बसते आणि ओढाताणीत मोडते. म्हणून ब्युरेट धुतल्यावर तोटी काढून, जुन्या जर्नलच्या कागदाची चिठ्ठी मध्ये घालून ठेवतात.